एका दमात दोन नावं

मांय, तुझ्यावर माझा एक संशय आहे आणि तो आता पासष्ट वर्षांचा झाला. तू जाऊनच चाळीस वर्षं होऊन गेली, म्हणजे तुझ्या जिवंतपणी विचारायला मला भरपूर वेळ होता. पण तुझ्यापुढे बसून काही विचारायचं म्हणजे तू शिलाईच्या हातमशीनचं चाक थांबवायचीस, चष्म्याच्या वरून बघायचीस आणि अशा सुरात म्हणायचीस, "कित्या विचारतंस? तुका म्हायत नाय?" की विचारणाऱ्यालाच वाटायचं, आपणच काहीतरी चोरलंय. तीस वर्षं मी शाळेत मुलं हाकली. बाईंपुढे खोटं पचत नाही अशी माझी ख्याती होती. तुझं मात्र मला आजवर कळलेलं नाही. म्हणून लिहिते. लिहिताना तरी तू चाक थांबवणार नाहीस.

आपलं आरोंद्याचं घर तुला सांगायला नको, पण मी माझ्यासाठीच सांगते. खाडीच्या काठाला चार ख्रिस्ती घरं, त्यातलं शेवटचं आपलं. बाजूला माडांची बाग, बागेपलीकडे बागवाल्यांचं चिऱ्याचं मोठं घर, आणि समोर खाडी. खाडीपलीकडे गोवा, तेव्हा अजून पोर्तुगिजांच्या ताब्यातला. तुझं माहेर त्या काठावर. नाकेबंदी लागली आणि होड्या बंद झाल्या, तेव्हापासून तुझं माहेर डोळ्यांना दिसायचं, पायांना मिळायचं नाही. बाबा बोटीवर, वर्षातून एकदा घरी. त्या वर्षी दोनदा पोलीस येऊन गेले होते. एकदा तर तुझी पेटी उघडून मावशीचं जुनं पत्र तपासायला घेऊन गेले, आणि त्यात काय होतं तर मावशीच्या डुकरिणीला सात पिल्लं झाल्याची बातमी. मी हसले तर तू डोळे वटारलेस. विहिरीवर बायका विचारायच्या, "पलीकडची काय खबर, बाय?" आणि तू म्हणायचीस, "माका खंयची खबर? मी हयंच आसंय मां." विचारणारीचा सूर गोड असायचा, पण कान उभे. मीही तेव्हाच शिकले की माणूस काय विचारतं यापेक्षा कशासाठी विचारतं ते आधी बघायचं. ती खोड अजून गेलेली नाही. भाजीवाल्याने एक जुडी जास्त दिली तरी मी ती उलटीपालटी करून बघते, आत सडकी असणार म्हणून.

मी सातवीत होते. फायनल पास झाले की शिक्षकीण होता येणार होतं, आणि शिक्षकीण व्हायचं याच्यापलीकडे मला जगात काही नको होतं. वर्गात आम्ही पाच मुली. त्यांतली एक बागवाल्यांची. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तू ते पुरेसं घेतलंस. माझ्याहून वर्षाने मोठी, अंगाने भरलेली, दोन जाड वेण्या, आणि वडील शाळा-समितीवर. पोर्तुगिजांना आपल्याकडे पाखले म्हणायचे, तर मी झाले 'पाखल्याचा चेडू', पाखल्याची पोर. तेवढंच असतं तर मी गिळलं असतं. पण मधल्या सुट्टीतलं पाणी मला गिळता येईना. शाळेच्या माठाला आपला हात चालत नव्हता. गुरुजींनी तसं कधी सांगितलं नव्हतं, सांगावंच लागत नव्हतं. कुणीतरी वरून घालायचं आणि मी ओंजळीने प्यायचं. ते घालणं तिने आपल्याकडे घेतलं. आधी धार नीट. मग तांब्या वर वर जायचा आणि पाणी ओंजळ सोडून मनगटावर, कोपरावर, झग्यावर. पुढून झगा भिजला की ती मुलग्यांना हाक मारायची, "बगा रे, पाखल्याच्या चेडवान काय केल्यान!" सगळी शाळा हसायची. एक दिवस नव्हे, दोन दिवस नव्हे, महिना-दीड महिना रोज. शेवटी मी पाणी प्यायचंच सोडलं. सकाळी घरून निघताना घोटभर, मग थेट संध्याकाळी.

लघवीला आग होऊन मी परसात रडत बसले तेव्हा तुला कळलं. तू धण्याचं पाणी करून दिलंस, मला स्वयंपाकघरात चुलीपाशी बसवलंस आणि सगळं माझ्याकडून काढून घेतलंस. माझी खात्री होती की आता तू चांगलं लुगडं नेसणार, शाळेत जाणार आणि गुरुजींपुढे उभी राहून चार शब्द सुनावणार. मी तर मनातल्या मनात तुझे ते चार शब्दही तयार केले होते. तू उठलीस आणि मशीनवर जाऊन बसलीस. दोरा ओवता ओवता म्हणालीस, "फाल्या शाळेत जातलंस. पाणी पितलंस. तिच्याच हातचा पितलंस. आणि पिऊन झाला काय तिका सांगतलंस, देव तुजा बरा करो."

"तिका? माका नाय जमाचा."

"जमाचा नाय म्हणान तर सांगतंय. जमणाऱ्याक सांगूक कित्या व्हया?"

त्याच दिवशी दिवेलागणीला आपला तेर्स, रोजचा. क्रुसापुढे मेणबत्ती, तू गुडघ्यांवर, तुझ्यामागे मी गुडघ्यांवर, आणि उकाडा म्हणून अंगणाकडचं दार, खिडकी सगळं उघडं. जपमाळ संपली की एकेका माणसासाठी एक एक 'आमच्या बापा' म्हणायचा हा तुझा नेम: बोटीवरच्या बाबांसाठी, पलीकडच्या आजीसाठी, मेलेल्यांसाठी. त्या संध्याकाळी सगळ्यांच्या आधी तू तिचं नाव घेतलंस. खणखणीत, वडलांच्या नावासकट, देवाचा घोटाळा व्हायला नको अशा बेताने. मी मागून तुझा पदर ओढला. "तिचा कित्या घेतंस? माझा घे!"

"जो तरास देता तेचा पयला. तुजा मागीर."

आणि माझं नाव काही आलं नाही. घरातल्या माणसाचं वेगळं घ्यायला लागत नाही, म्हणालीस.

माझा पहिला संशय तिथला आहे, मांय. तू क्षमा करत होतीस की घाबरली होतीस? शाळेत जाऊन भांडली असतीस तर बागवाल्यांशी वाकडं आलं असतं, आणि त्यांच्या घरची सगळी शिलाई तुझ्याच मशीनवर. पोलिसांना कुणी काय सांगितलं असतं कुणास ठाऊक. पाद्री दर रविवारी सांगायचे, शत्रूवर प्रेम करा, दुसरा गाल पुढे करा. मला तेव्हाच खटकायचं की ज्या चार घरांची कुणाच्या थोबाडीत मारायची छाती नाही, त्यांनाच हे का सांगतात? मारणाऱ्यांना कुणी का जाऊन सांगत नाही? मी हे तुला एकदा विचारलं होतं. तू म्हणालीस, "मारणारो पाद्रीच्या देवळात येता खंय? जो येता तेका सांगतत."

दुसऱ्या दिवशी मी तिच्या हातचं पाणी प्याले. झगा भिजला, हशा झाला, आणि मी म्हटलं, "देव तुजा बरा करो." दात खाऊन म्हटलं, हे कबूल. ती थांबली. "काय म्हणालंस?" मी परत म्हटलं. तिसऱ्या दिवशी तिने तांब्या आपटला आणि मैत्रिणींना विचारलं, "ह्यां रोज माका काय म्हणता गो?" तिला वाटायला लागलं होतं की या शब्दांच्या आड काहीतरी आहे. आड होतंच, पण ते तिला वाटलं तिथे नव्हतं.

मध्येच चतुर्थी आली आणि तिचं नवं पोलकं शिवायला तुझ्याकडे आलं. हिरवं खणाचं, अजून डोळ्यांपुढे आहे. तू ते शिवलंस आणि माझ्या मांडीवर टाकलंस. "तुरपाई तू कर." मी मुद्दाम लांब लांब टाके घातले. तू उजेडाला धरून बघितलंस आणि एका ओढीत सगळी उसवलीस. दुसऱ्यांदाही उसवलीस. तिसऱ्यांदा मी सुई भिरकावली तेव्हा तू मला जे बोललीस ते मी जन्मात विसरले नाही: "तुका तिचो राग आसा तर आसांदे. पण तो टाक्यात दिसूक नको. राग दिसता ता काम भिकाऱ्याचा." मग मी बारीक टाके घातले. मुंगीसारखे. बोटं सुजली माझी.

चतुर्थी झाली आणि आठच दिवसांत ती पडली. मुदतीचा ताप. सावंतवाडीहून डॉक्टर आले, औषध झालं, दोन आठवडे गेले, ताप उतरेना. आणि गावात कुजबुज सुरू झाली. आता मला सांग, आपल्या गावात देवापुढे माणसाचं नाव घेणं म्हणजे काय, हे तुला ठाऊक नव्हतं असं मी कसं मानू? तू पलीकडची खरी, पण लग्न होऊन पंधरा वर्षं इथं काढली होतीस. इथे कुणी कुणाचा बांध सरकवला, कुणी तोंडावर खोटं बोललं, की माणूस गावच्या देवीकडे जातो, देवीपुढे बोलणाऱ्या घाड्याकडून गाऱ्हाणं घालतो आणि त्या माणसाचं नाव देवीपुढे देतो. पुढचं देवीने बघायचं. म्हणून तर माणूस आजारी पडलं की घरचे आधी डॉक्टर आणतात आणि मग विचारतात, आमचं नाव कुणी दिलं? आणि तू रोज दिवेलागणीला दारं-खिडक्या उघड्या टाकून, वाटेवर ऐकू जाईल अशा आवाजात, जिच्याशी भांडण त्या पोरीचं नाव तुझ्या देवाला देत होतीस! अगं, आंधळ्यालाही दिसलं असतं.

तिच्या आजीने देवीला कौल लावला. कौलात आलं, पोरीचं नाव कुणीतरी देवाकडे दिलंय. कुणी, ते विचारायची कुणाला गरजच वाटली नाही. आजीने आधी ते हिरवं पोलकं काढून सगळी तुरपाई उसवली, दुमडीत काही घालून शिवलंय का बघायला. काही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी पोलकं गड्याबरोबर आपल्याकडे परत आलं, 'परत शिवून द्या' म्हणून! तू दिलंस शिवून, मुकाट्याने.

आणि त्या संध्याकाळी ते आले. आपला तेर्स चालू आहे. अंगणात चपला वाजतात. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघते: बागवाले, त्यांची म्हातारी आई, आणि देवळातला घाडी. तू मागे वळून बघत नाहीस. राहिलेली माळ सावकाश पुरी करतेस. आणि मग त्यांच्यादेखत, त्यांच्या कानांवर जाईल असं, तिचं नाव घेऊन 'आमच्या बापा' म्हणतेस.

"आयकलास?" आजी ओरडली. "आयकलास मां? आमच्या तोंडार घेता!"

बागवाले शांत होते. शांत माणसाचीच मला जास्त भीती वाटते. "बाय, आमी भांडूक इलंव नाय. चेडवाक आज सोळा दीस ताप आसा. तेणी तुज्या चेडवाक तरास दिल्यान, तां माका आता कळला. चुकला तेचा. पण नाव मागे घे."

"मी वायट मागूक नाय, बाबानू."

"मगे काय मागतंस?"

"तेचा बरा."

आजी हसली. "तरास देणाऱ्याचा बरा कोण मागता गो? मी एवढी म्हातारी झालंय, माका शिकव नको."

"आमच्यात मागूचा लागता."

"लागता म्हणजे? नाय मागलंस तर कोण मारता तुका?"

तू जपमाळ मुठीत घेतलीस. याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. बागवाल्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. "तुज्या चेडवाची फायनल आसा. शाळेत माझो शब्द आसा, तुका म्हायतच आसा," एवढंच म्हणून ते थांबले. मी घरातून ओरडले, "मांय, सोड ना! नको घेऊ तिचा नाव! माझी शाळा जायत!"

"आता सोडू?" तू माझ्याकडे न बघता म्हणालीस. "बरी होती तेवा मागी होतंय, आणि आता आजारी आसा तर सोडू?"

तेव्हा मला तुझा इतका राग आला, मांय, की काय सांगू. परक्या पोरीसाठी, जिने मला शाळेपुढे भिजवलं तिच्यासाठी, तू माझं अख्खं आयुष्य उधळायला निघाली होतीस. आणि तुझा चेहरा कसा, तर उकड्या तांदळाचा भात शिजला की नाही ते बघणाऱ्या बाईचा असतो तसा.

तू क्रुसापुढची मेणबत्ती सारखी केलीस. मग मला हाक मारलीस. माझा दंड धरून मला उंबऱ्यावर आणलंस, तिघांच्या पुढ्यात. आणि बोललीस. ते शब्द मी तेव्हापासून हजार वेळा उलटेपालटे केले आहेत. "आयका. आजपासून हेचा नाव आणि तुमच्या चेडवाचा नाव मी एका दमात घेतंय. मागणा एकच, दोघींक मिळून. बरा मागला तर बरा दोघींक. वायट मागलेला आसात, माझ्या तोंडान काय माझ्या घरातल्या कोणाच्या मनान, तर तांय दोघींक. देव वाटून घालूचो नाय."

मग घाडी मान हलवायला लागला. तो देवळातला माणूस, त्याला यातला कायदा लगेच कळला. "चालतला. ह्यां चालतला. सोताच्या पोटच्या पोराक कोण वायट घालीत?" बागवाल्यांनी हात जोडले. तुला की घाड्याला, ते कळलं नाही. म्हातारीचं मात्र समाधान झालं नव्हतं. जाता जाता म्हणाली, "मी येवन आयकतलंय. रोज."

आणि ती खरंच यायची. काठी टेकत दिवेलागणीला यायची, आपल्या पायरीवर बसायची, तू पाट दिलास तर घ्यायची नाही. दोन्ही नावं झाली की "हां" म्हणायची आणि उठून चालू लागायची. एकदा तुला ठसका लागला आणि माझं नाव मध्येच तुटलं, तर म्हातारी बाहेरून म्हणाली, "परत घे. साफ घे." तुला हसू आलं होतं, खांदे हलत होते तुझे. मला हसू येत नव्हतं. का ते आता सांगते.

कौल खोटा नव्हता, मांय. नाव दिलेलं होतं. मी दिलं होतं, त्यांच्याच देवीकडे.

तुझ्या देवावर माझा भरवसा उरला नव्हता. तो तुझं ऐकायचा, आणि तू तर तिचंच बरं मागत होतीस. मग मी दुसरीकडे गेले. शाळेची मागची वाट देवळाच्या भिंतीला लागून जाते. त्या वाटेवरून जाता-येता घाड्याची गाऱ्हाणी ऐकून ऐकून मला पाठ झाली होती, पाढ्यांसारखी. एका सकाळी, चतुर्थीच्या आधी, मी भिंतीमागे उभी राहिले. नारळ नव्हता म्हणून तुझ्या पानाच्या डब्यातली एक सुपारी ठेवली. आणि तिचं नाव घेऊन घाड्याच्याच सुरात म्हटलं, बा म्हाराजा, ज्या हातान ह्यां चेडू माझ्यार पाणी घालता ते हात उचलाक देव नको, तेका अंथरुणाक खिळव म्हाराजा. पुढे सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. माझ्यामागे कुणी नव्हतं. तेही मीच म्हटलं.

आणि ती अंथरुणाला खिळली. अगदी मी सांगितलं तशी. मला वाईट वाटलं का? पहिले आठ दिवस नाही वाटलं. मी शाळेत पोटभर पाणी प्याले. दुसऱ्या मुलीने घातलं, नीट घातलं. मग तू मला उंबऱ्यावर उभं करून माझं नाव तिच्या नावाला बांधलंस, आणि 'घरातल्या कोणाच्या मनान' म्हणालीस. घरात होतं कोण, मांय? तू आणि मी. तू कुणाच्या मनाबद्दल बोलत होतीस?

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर मला माझंच कपाळ गरम लागायला लागलं. मी धावत देवळामागे गेले. बा म्हाराजा, चुकला माझा, मागे घेतंय, मागे घेतंय, मागे घेतंय. ख्रिस्ती पोरीने घातलेलं गाऱ्हाणं देवीला पोचतं का, आणि पोचलं तर तिला मागे घेता येतं का, हे विचारायचं कुणाला? घाड्याला? म्हणून दोन्हीकडून मागायला लागले. सकाळी भिंतीमागे, संध्याकाळी तुझ्यामागे. तिचं बरं कर, देवा, तिचा ताप उतरव, तिचे हात चांगले ठेव. इतकं कळवळून मी बाबांसाठीही कधी मागितलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी गळायचं. एकदा आजीने दारातून ते बघितलं आणि तिच्याही डोळ्यांना पदर लागला. तिला वाटलं, केवढी ही माया! मला माझा जीव प्यारा होता. दुसरं काही नव्हतं.

आणि चौथ्या की पाचव्या दिवशी माझ्या वेण्या घालता घालता तू सहज म्हणालीस, "देवळाच्या मागल्यान जाव नको आता. फुडल्यान जा. मागे जनावर आसता." जनावर म्हणजे साप, आणि तो तिथे वर्षानुवर्षं होता. नेमकं तेव्हाच तुला ते कसं आठवलं? आणि 'आता' कशाला म्हणालीस? मी मान वळवायला गेले तर तू वेणी ओढून धरलीस.

तिचा ताप तीन आठवड्यांवर दोन दिवसांनी उतरला. केस सगळे गेले. ती परत शाळेत आली तेव्हा डोक्याला रुमाल होता आणि मनगटं काटकीसारखी. मधल्या सुट्टीत तिने तांब्या घेतला, माझ्या ओंजळीच्या अगदी जवळ आणला आणि धार धरली. एक थेंब बाहेर गेला नाही. "पुरे? आनी व्हया?" मी म्हटलं, "पुरे." तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, जशी बांधावरचं जनावर गेलं की अजून आहे ते बघताना टाकतात. आमची मैत्री वगैरे कधी झाली नाही. ती मला घाबरली होती आणि मी तिला. एकमेकींच्या भीतीने आम्ही दोघी चांगल्या वागलो, आणि गावाने त्याचं श्रेय तुझ्या क्षमेला दिलं.

तू गाजलीस. पाद्रींनी रविवारच्या प्रवचनात सांगितलं, शत्रूसाठी प्रार्थना कशी करावी ते त्या शिंपीणबाईकडून शिका. तू मान खाली घालून बसली होतीस. लाजेने की आणखी कशाने, मला दिसलं नाही. पुढे मी फायनल पास झाले, शिक्षकीण झाले, निवृत्त झाले, आणि तुझी गोष्ट माझ्या गळ्यात पडली. दरवर्षी चर्चमध्ये धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांपुढे मला ती सांगायला लावतात. मी सांगते. म्हातारी "परत घे, साफ घे" म्हणते तिथे मुलं खदखदून हसतात. देवळाची भिंत मी गाळते.

कधी वाटतं तुला सगळं ठाऊक होतं. मला एका शब्दानेही विचारायचं नाही, चारचौघांत उघडंही पाडायचं नाही, आणि मला अशा कोपऱ्यात घ्यायचं की शत्रूचं बरं मागितल्याशिवाय सुटकाच नाही. तसं असेल तर तू मला क्षमा शिकवली नाहीस, मांय, तू मला धाक घातलास. स्वतःच्या पोरीचा जीव पणाला लावून धाक घातलास. आणि कधी वाटतं, छे, ती भोळी बाई, तिच्या तोंडून वाक्य निसटलं आणि मी अपराधी मनाने त्यात नको ते ऐकलं. दोन्हींतलं काहीही असलं तरी मला राग येतो. या वयात येतो. आणि तुझी आठवणही येते, तीही त्याच जोराने. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, पाद्रींना तर नाहीच. लिहून झालं की चुलीत घालीन, चूल नाही तर गॅसवर.

गेल्या रविवारी वर्ग सुटल्यावर एक मुलगी मागे राहिली. अकरा-बारा वर्षांची. वर्गातल्या पोरी तिला काय करतात ते तिने सांगितलं नाही, मीही उकरलं नाही. ती दप्तराचा बंद पिळत उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुमची आई मनापासून मागत होती. तुम्ही पण मनापासून मागत होतात? म्हणजे, आतून तिचं वाईट व्हावंसं वाटत असेल, तर मागितलेलं चालतं का?" मी तिच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "मनापासूनच मागावं लागतं, बाळा. मी तसंच मागत होते." तिने मान डोलावली, दप्तर उचललं आणि गेली.

तू माझं नाव तिच्या नावाला बांधलं नसतंस, तर मी ते गाऱ्हाणं मागे घेतलं नसतं, मांय. ती मेली असती तरी घेतलं नसतं. गेल्या रविवारच्या त्या पोरीला तेवढंच खरं ऐकायचं होतं, आणि मी तिला तुझी गोष्ट सांगून घरी पाठवली.